ठरवलं ते केलं, पण वेळ कुठून काढलात?

एक जानेवारीला ठरवलेलं संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत टिकत नाही, यावर विनोद करून झाले आता. हा धागा टिकलेल्या गोष्टींचा. स्वतःसाठी काही ठरवलंत आणि मुंबईत राहून, लोकलचे धक्के खात ते तडीस नेलंत, तर लिहा. अट एकच. जिद्द आणि चिकाटीवरची भाषणं शाळेत ऐकून झाली आहेत, तेव्हा ती नकोत. वेळ नि पैसा कुठून काढलात, घरात कोणाची गैरसोय झाली, काय सोडावं लागलं, ते सांगा. अर्धवट राहिलेलंही चालेल.

विरार, पोळीभाजी केंद्र चालवते

माझी दहावी राहिली होती. नववीत असताना वडील गेले, शाळा तिथेच सुटली. लेक कॉलेजात गेली तेव्हा तिनेच सतरा नंबरचा फॉर्म काढला. म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचं. नोंदणी बोर्डाच्या साइटवर होते, पण शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि कागद नेमून दिलेल्या शाळेत नेऊन द्यावे लागतात. माझा दाखला साताऱ्याकडे. भाऊ जाऊन घेऊन आला. तिथल्या सरांनी त्याला विचारलं म्हणे, "आता कशाला हवाय?"

आमच्याकडे पहाटे साडेतीनला कणीक मळायला घेतात, सातच्या आत पोळ्या रवाना होतात. त्यानंतर नऊपर्यंत मी पडायचे. ती झोप गेली, वेळ आला तो तिथून. भूमितीची प्रमेयं कागदावर लिहून पिठाच्या डब्यावर चिकटवली होती, लाटताना अगदी समोर. पायथागोरस तिथेच पाठ झाला. तेलाच्या बोटांनी कर्ण पुसून गेला तेव्हा लेकीने नवा त्रिकोण काढून दिला. बीजगणिताचं तसं जमत नाही, ते हाताने सोडवावं लागतं आणि हाताला पीठ. म्हणून ते दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना.

संध्याकाळची भाजी आणायचं काम मिस्टरांनी अंगावर घेतलं. वर्षभर कोथिंबीर पिवळी आणली. काही बोलले नाही. पास झाले. टक्के विचारू नका, बारावीला विचारा.

परळ, निवृत्त बसड्रायव्हर

ताई, झकास. माझं पायांचं आहे.

बेस्टमध्ये गाडी चालवून कंबर आणि साखर दोन्ही गेल्या होत्या. डॉक्टरांनी चालायला लावलं, म्हणून शिवाजी पार्कला जाऊ लागलो. कट्ट्याची एक फेरी साधारण बाराशे मीटर. तिथे धावणारी पोरं "काका, चला की" म्हणायची. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. इतकी वर्षं मला तिचं एकच माहीत होतं, त्या दिवशी बसचे मार्ग बदलतात. ठरवलं, हाफ करायची. २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर.

पोरांनी नियम घालून दिला. आदल्या आठवड्यात जेवढं धावलो त्याच्यावर फार तर दहा टक्के वाढवायचं. मला वाटायचं, आज अंगात दम आहे तर धावून घेऊ, पण गुडघे आपल्या मताप्रमाणे चालत नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर सहाच्या आत आटपलं नाही की माणूस पाघळतो. निवृत्त माणसाकडे वेळच वेळ, असं लोकांना वाटतं. नातवाला शाळेच्या बसवर कोण सोडणार? रविवारी बायको म्हणाली, "धावा, पण मटण घेऊन या मग." तेही करून झालं. घामाच्या बनियनवर खाटकाच्या रांगेत उभा असायचो.

मी धावलो तेव्हा हाफ माहीमहून सुटायची. सी-लिंकवर एरवी पायी सोडत नाहीत, त्या पहाटे सोडतात. तिथवर मजेत होतो. पुढे वरळी, हाजीअली आणि मग पेडर रोड. तो चढ गाडीने किती वेळा चढलो असेन. भरलेली गाडी असली की दुसरा गिअर टाकायचा, काम झालं. पायांना दुसरा गिअर नसतो. फुटपाथवर लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ घेऊन उभे असतात. एक शाळकरी पोरगी ओरडली, "काका, आलंच आता!" कसलं आलंय, चांगलं चार-पाच किलोमीटर बाकी होतं. पण फोड घेतली तिच्याकडून. मेडल नातवाच्या सायकलला बांधलंय.

चेंबूर, सोसायट्यांचे हिशेब लिहितो

मी उलटं केलं. आधी थांबायची तारीख ठरवली, मग अभ्यासाला बसलो. एमपीएससी. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८ वर्षं आहे, म्हणजे आयोग तुम्हाला लवकर हाकलत नाही. अभ्यासिकेत त्या मर्यादेपर्यंत बसलेले लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. मी मात्र तिसाव्या वाढदिवसाला थांबेन असं कागदावर लिहून फ्रिजवर लावलं होतं. पूर्व निघाली, मुख्य निघाली, मुलाखतीला गेलो, यादीत नाव नव्हतं. आई म्हणाली, "अजून एकदा दे." कागद तिच्याच अक्षरात होता, मुद्दाम तिच्याकडून लिहून घेतला होता.

या धाग्यात बसतं का, माहीत नाही. मला वाटतं बसतं.

गोरेगाव, मालिकांच्या सेटवर लाइटचं काम

आमच्याकडे पेमेंट नव्वद दिवसांनी. एकदा तर मालिका बंद पडली आणि पैसे मागायला जायचं कोणाकडे तेच कळेना. तेव्हा ठरवलं, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलाच पाहिजे. भाडं, किराणा, पास, लाइटबिल, आईची औषधं, गुणिले सहा. आकडा बघून चहा तसाच राहिला.

"दर महिन्याला अमुक वाचवा" हा सल्ला पगारदारांचा, आमच्या उपयोगाचा नाही. मी केलं ते असं: चेक जमा झाला की त्याच दिवशी पाचवा हिस्सा दुसऱ्या खात्यात, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही. एक वर्ष गणपतीला गावी गेलो नाही. कोकणातला आहे, समजून घ्या काय ते.

तो आकडा जमल्यावर मगच पीपीएफ उघडलं, कारण तिथला पैसा १५ वर्षं अडकतो. वर्षाला ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, हे आमच्यासारख्यांना बरं. आणि भरणार असाल तर ५ तारखेच्या आत भरा. नंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

कल्याण, शाळेत शिक्षिका

वरच्या दादा-काकांच्या गोष्टी आवडल्या, पण जेवण कोण करत होतं ते कोणीच लिहिलेलं नाही. मी पोहायला शिकले. शनिवारी दुपारी, बायकांच्या बॅचला. तेवढा वेळ मुलगा बापाकडे. बापाने त्याला दर शनिवारी मॅगी घातली. मूल ठणठणीत आहे. बायांनो, एवढंच सांगायचं होतं.

गिरगाव

पणजोबांची दप्तरं माळ्यावर होती, सगळी मोडी लिपीत. वाचायची ठरवलं. मोडीत आधी आडवी ओळ मारून घेतात आणि अक्षरं तिला टांगत जातात, हात शक्यतो न उचलता. शब्द कुठे तुटतो ते डोळ्याला सवयीनेच कळतं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड जवळपास नाहीच, हे शुद्धलेखनात मार खाल्लेल्या माझ्यासारखीला फार आवडलं. सराव ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, त्यामुळे मैत्रिणी दुरावल्या थोड्या.

एवढं करून दप्तरांत निघालं काय, तर नारळांचा हिशेब आणि कोणाकोणाची उधारी. घरात सगळे हिरमुसले. मी नाही. पणजोबा उधारी वसूल झाली की नावावर अशी काही रेघ मारायचे की कागद फाटलाय दोन ठिकाणी.

लालबाग

माझं अर्धवटच आहे. पन्नाशीनंतर पेटी शिकतोय. अलंकार बसले, भूप बऱ्यापैकी वाजतो. पण वेळ मिळतो रात्री अकराला, आणि चाळीत भिंतीपलीकडे बारावीची मुलगी अभ्यासाला बसलेली. भाता हळू ओढला तर सूर लागत नाही. कोणी जागा सुचवेल का?

विरार

दादा, पहाटे साडेतीनला इकडे या. आम्ही जागेच असतो.

परळ

विरार कशाला, लालबागहून परळ दोन पावलांवर. आमच्या मंडळाची खोली गणपती सोडले तर वर्षभर बंद असते आणि किल्ली माझ्याकडे आहे. सोमवारी खोलीत भजन असतं, बाकी कधीही या. पंखा बिघडलाय, तो तेवढा येण्याआधी बघून ठेवतो.