केवळ सायलेन्सर बदलून गाडीची शक्ती खरोखर वाढते का?

धागालेखक

गाडीची ताकद वाढवायची म्हटले की बहुतेकांचे लक्ष प्रथम मागच्या सायलेन्सरकडे जाते. टर्बो (एक्झॉस्ट वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणारे यंत्र) नसलेल्या आणि मूळ अवस्थेतल्या इंजिनावर फक्त सायलेन्सर किंवा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागची नळी, म्हणजेच कॅट-बॅक, बदलणे हा शक्तीच्या दृष्टीने वाया गेलेला खर्च आहे, असे माझे ठाम मत आहे. आवाज भारदस्त होतो आणि त्यामुळे गाडी अधिक वेगाने पळत असल्याचा भास होतो. परंतु डायनोवर (गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) मोजल्यास मिळणारी वाढ बहुधा इतकी अल्प असते, की एकाच गाडीच्या दोन चाचण्यांमध्ये तापमानामुळे पडणाऱ्या फरकात ती हरवून जाते.

त्याहून घातक म्हणजे गरज नसताना नळीचा व्यास वाढवणे. व्यास २ इंचांवरून २.५ इंच केला तर छेदाचे क्षेत्रफळ ५६ टक्क्यांनी वाढते आणि तितक्याच वायूचा वेग मूळच्या ६४ टक्क्यांवर येतो. एक्झॉस्ट आणि इनटेक व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात, तेव्हा सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू ओढून नेण्याचे काम हा वेगच करतो. रोजच्या वापरात इंजिन बहुतांश वेळ कमी आरपीएमवर चालते आणि नेमका तिथलाच पिकअप आपण गमावतो.

प्रतिसाद १

आपला पहिला मुद्दा मान्य करण्याजोगा आहे, दुसरा नाही. वेगाचा जो परिणाम आपण सांगता, तो मुख्यतः मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतून निघून पुढे एकत्र येणाऱ्या, नळ्यांमध्ये ठरतो. कन्व्हर्टरच्या बारीक जाळीतून पार होईपर्यंत वायूची स्पंदने पुष्कळशी बोथट झालेली असतात, त्यामुळे त्यामागची नळी थोडी रुंद झाल्याने खालचा टॉर्क नाहीसा होत नाही. ‘टॉर्कसाठी बॅकप्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा दाब) हवेच’ हा समज याच गोंधळातून आला आहे. बॅकप्रेशर इंजिनाला कधीच उपकारक नसते. उपकारक असते ती दाबलहरींची अचूक वेळ.

व्हॉल्व्ह उघडताच निघालेली दाबलहर नळ्यांच्या जोडापर्यंत जाते आणि तिथून ऋण दाबाची लहर होऊन परतते. ती दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना पोहोचली तर सिलिंडर स्वच्छ होतो आणि ताजी हवा अधिक भरते. ६००० आरपीएमवर इंजिनाची एक फेरी १० मिलिसेकंदांत पुरी होते, ३००० वर तिला २० मिलिसेकंद लागतात. लहरीचा वेग मात्र वायूच्या तापमानावर ठरतो. म्हणूनच लांब नळ्या खालच्या आरपीएमला पोषक ठरतात आणि आखूड नळ्या वरच्या. कारखान्यातला ओतीव मॅनिफोल्ड खर्च, उपलब्ध जागा आणि कन्व्हर्टर लवकर तापवण्याची गरज यांच्या तडजोडीतून बनतो, त्यामुळे नीट आखलेल्या हेडरला (वेगवेगळ्या नळ्या जोडून बनवलेल्या मॅनिफोल्डला) सुधारणेसाठी खरा वाव असतो.

टर्बो इंजिनाची गोष्ट तर अगदी वेगळी आहे. टर्बाइनला मिळणारे काम तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. आधीचा दाब २ बार आणि नंतरचा १.३ बार असेल तर गुणोत्तर १.५४ येते, रुंद डाउनपाइपमुळे (टर्बोनंतर लगेच येणाऱ्या नळीमुळे) नंतरचा दाब १.१ वर आला तर तेच १.८२ होते. टर्बो लवकर फिरू लागतो आणि त्याला साजेसे ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग केल्यास चाकांवर मिळणारी वाढ कोणत्याही चालकाला जाणवेल इतकी असते.

प्रतिसाद २

डाउनपाइपची एवढी भलामण वाचून मला राहवले नाही, कारण व्यवहारात त्याचा अर्थ पुष्कळदा कन्व्हर्टर काढून टाकणे असाच होतो. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांच्या पातळ थरावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर होते; हे रूपांतर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसनंतर वेग धरते. तो भाग काढला की मागे चालणाऱ्या माणसाच्या श्वासात हे सारे थेट जाते. त्यासाठी काही अश्वशक्ती अधिक मिळत असेल, तर तो व्यवहार मला मुळीच मान्य नाही. कन्व्हर्टर न काढता केवळ तो इंजिनापासून दूर सरकवला, तरी तो उशिरा तापतो आणि थंड इंजिन सुरू केल्यानंतरची पहिली एक-दोन मिनिटे, जेव्हा प्रदूषण सर्वाधिक असते, तीच वाया जातात.

धागालेखक

प्रतिसाद २ शी मी पूर्ण सहमत आहे. प्रतिसाद १ मधील युक्तिवाद मात्र माझ्याच म्हणण्याला बळ देतो. कन्व्हर्टरच्या मागे स्पंदने बोथट होत असतील, तर तिथे केलेल्या बदलाचा तोटा जसा थोडा, तसा लाभही थोडाच. आणि बाजारात सर्वाधिक विकला जातो तो नेमका हाच भाग. हेडर बसवल्यावरही प्रश्न संपत नाही. इनटेकमधील दाबावरून हवेचा अंदाज बांधणाऱ्या ईसीयूला सिलिंडर आता अधिक भरतो आहे हे कळत नाही. पूर्ण थ्रॉटलवर मिश्रणात इंधन कमी पडू शकते आणि इंजिन तापते. म्हणजे ट्यूनिंगचा खर्च आलाच.

प्रतिसाद ३

आवाजाचा मुद्दा केवळ भासापुरता नाही. सायलेन्सर किंवा रेझोनेटर (ठरावीक कंप्रतेचा आवाज शमवणारा भाग) काढल्यावर ठरावीक आरपीएमला केबिनमध्ये जो सलग घुमणारा आवाज भरतो, तो लांबच्या प्रवासात डोके उठवतो. त्या कंप्रतेला जुळेल अशी एका टोकाला बंद असलेली बाजूची नळी जोडून तो बराच शमवता येतो, पण इतका विचार करून बनवलेल्या प्रणाली थोड्याच असतात. शेजाऱ्यांनी पहाटे तो आवाज का सोसावा, याचे उत्तर कोणत्याही डायनोच्या आलेखात मिळत नाही.

प्रतिसाद १

कन्व्हर्टर काढण्याचे समर्थन मी केलेले नाही आणि करणारही नाही. विरळ जाळीचा, प्रमाणित कन्व्हर्टर असलेला डाउनपाइप मला अभिप्रेत आहे. कॅट-बॅकचा लाभ सरसकट नगण्य ठरवण्याआधी एक तपासणी करावी. कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाबमापक बसवावा आणि गाडी डायनोवर पूर्ण भाराने चालवावी. मग हीच मोजणी कन्व्हर्टरनंतर आणि सायलेन्सरच्या आधी करावी. ज्या दोन जागांमधील फरक सर्वांत मोठा, तिथेच अडथळा आहे. काही गाड्यांत तो चेपून वाकवलेल्या, वळणावर अरुंद झालेल्या मागच्या नळीतच सापडतो, आणि तिथे एकसारखा छेद राखून वाकवलेली नळी बसवण्यावर केलेला खर्च मी तरी वाया गेलेला मानणार नाही.