शब्दचर्चा: शहीद, हुतात्मा की रक्तसाक्षी? ठाण्याच्या त्या चौघांना काय म्हणायचं?

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी जुन्या ठाण्यावर लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे.

एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या ख्रिस्ती संघातल्या, धर्मबंधूंना ठार मारण्यात आलं. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. काझीसमोर ख्रिस्त आणि पैगंबर या विषयावर वाद झाला आणि प्रकरण जिवावर गेलं. चर्चच्या लेखी हे चौघे 'मार्टर'. मी मराठीत 'हुतात्मा' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'शहीद' केलं. आईला वाचायला दिलं तर म्हणाली, "हुतात्मा म्हटलं की मला आपला हुतात्मा चौक दिसतो आणि शहीद म्हटलं की सीमेवरचा जवान. ही माणसं दोन्हींतली नाहीत." मग बरोबर शब्द कोणता?

पाटीपेन्सिल

हुतात्माच ठेवा. शब्द मराठी आहे, रुळलेला आहे, अर्थ कळतो. शहीद हा अरबी शब्द, मुसलमानांचा. काझीच्या हुकमाने मेलेल्या ख्रिस्ती माणसाला तो लावणं विचित्र दिसेल.

वसईवाला

आमच्याकडे 'रक्तसाक्षी' म्हणतात. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले. त्यांच्या सणाच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मी लहानपणापासून हाच शब्द ऐकत आलोय. हुतात्माही वापरतात, पण देवळातला शब्द रक्तसाक्षी. 'रक्ताने दिलेली साक्ष' असा अर्थ आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितला होता. साक्ष कुठून आली ते मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही.

अक्षरवेल

वसईवाल्यांनी नेमक्या गाठीवर बोट ठेवलंय. साक्ष कुठून आली हे कळलं की ताईंचा प्रश्न बराचसा सुटतो.

'मार्टर'चं मूळ ग्रीक 'मार्तुस'. अर्थ साधा, साक्षीदार. कोर्टात उभा राहून 'मी हे पाहिलं' असं सांगणारा. बायबलच्या नव्या करारात येशू शिष्यांना सांगतो की तुम्ही माझे साक्षी व्हाल, तिथे हाच शब्द आहे. पुढे ती साक्ष दिल्याबद्दल रोमन अधिकारी माणसं मारू लागले आणि साक्षीदार हा शब्द त्या मरणाचंच नाव झाला. सिरियन ख्रिस्ती लोकांच्या सुरियानी भाषेत हेच घडलं. त्यांचा 'साहदा' म्हणजेही साक्षीदार, आणि तोच धर्मासाठी मेलेला.

आता अरबी 'शहीद' बघा. धातू तोच, साक्ष देणे. कुराणात दुसऱ्या अध्यायात कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, दोन साक्षीदार घ्यावेत अशी आज्ञा आहे. त्या कागदावरच्या साक्षीदारासाठी जो शब्द येतो तो 'शहीद'. त्याचा मरणाशी काही संबंध नाही. कुराणात हा शब्द मुख्यतः याच अर्थाने येतो. धर्मासाठी प्राण देणारा हा अर्थ नंतर पक्का झाला, आणि त्यामागे सुरियानी 'साहदा'ची सावली आहे असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे पाटीपेन्सिल, शहीद हा शब्द मुसलमानांचा आणि मार्टर ख्रिस्ती लोकांचा, अशी वाटणी करता येत नाही. ही एकाच घरातली भावंडं आहेत. अरबी बोलणारे ख्रिस्ती आजही आपल्या संतांना शहीदच म्हणतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर इस्लामिक स्टेटने ज्या २१ ख्रिस्ती मजुरांचे गळे चिरले, त्यातले वीस कॉप्ट, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन चर्चचे ख्रिस्ती, होते. त्यांच्या चर्चने त्यांना जो शब्द दिला तो हाच. मारणाऱ्यांच्या टोळीतला कुणी लढाईत मेला की त्याची माणसंही त्याला शहीद म्हणत होती. एकाच शब्दाखाली मारणारा आणि मरणारा दोघेही.

संस्कृत 'साक्षी'त डोळा आहे, स आणि अक्षि, डोळ्यासमोर घडलेलं सांगणारा. 'हुतात्मा'त मात्र यज्ञ आहे. ज्याने स्वतःची आहुती दिली तो. हा शब्द सावरकरांच्या नावावर सांगितला जातो, आणि स्वातंत्र्यलढ्याला नि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला तो चपखल बसला. पण यज्ञात प्रश्न विचारणारा कुणी नसतो. साक्षीदारासमोर असतो. म्हणून ठाण्याच्या घटनेला हुतात्मा लावला की तिच्यातली कचेरी नाहीशी होते, आणि तिथे सगळं कचेरीतच घडलं आहे.

ठाणेकरीण

कचेरीतच घडलं म्हणजे? मी वाचलं ते फार त्रोटक होतं. सविस्तर सांगाल का?

अक्षरवेल

सांगते. हे सगळं पोर्देनोनेचा ओदोरिक या इटालियन प्रवाशाच्या वृत्तांतातलं आहे. तो स्वतः फ्रान्सिस्कन, घटनेनंतर थोड्याच काळाने ठाण्याला आलेला. म्हणजे एका बाजूची हकिगत आहे आणि संतचरित्राच्या थाटात सांगितलेली आहे, हे धरून चाला.

ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या सुरियानी परंपरेच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. त्यातल्या एका घरी हे चौघे उतरले होते. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं. सकाळी ती बाई काझीकडे दाद मागायला गेली. काझी म्हणाला, पुरावा काय? ती म्हणाली, घरी चार फिरंगी 'रब्बान' आहेत, त्यांनी पाहिलंय, त्यांना विचारा. रब्बान हा सुरियानी शब्द, संन्याशासाठी आदराने वापरायचा.

थांबून हे वाक्य पुन्हा वाचा. त्या चौघांचं नाव काझीसमोर पहिल्यांदा निघालं ते साक्षीदार म्हणून. शब्दाच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात साध्या अर्थाने. एका मार खाल्लेल्या बाईचे साक्षीदार.

पण तिथे बसलेल्या एकाने काझीला सुचवलं की ही माणसं धर्मग्रंथ जाणणारी आहेत, त्यांच्याशी वाद घालू या. पीटर सामान राखायला घरी थांबला, बाकीचे तिघे गेले. मग बाईचं गाऱ्हाणं बाजूला राहिलं. त्या बाईचं पुढे काय झालं हे ओदोरिक सांगत नाही, आणि मला दर वाचनाला तेच टोचतं.

आधी वाद येशू निव्वळ माणूस की देवही, यावर. मग काझीने विचारलं, मुहंमदांविषयी तुमचं मत काय? भिक्षूंनी पहिल्यांदा वळसा घेतला. आम्ही ख्रिस्ताविषयी सांगितलं, त्यावरून काय ते तुम्हीच समजा, अशा आशयाचं उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच उत्तर. तिसऱ्यांदा धरून बसले तेव्हा थॉमस बोलला, आणि जे बोलला ते पैगंबरांचा उघड अपमान करणारं होतं. तिथून सुटका नव्हती. त्यांना उन्हात बांधून ठेवलं, मग जेम्सला आगीत टाकलं. आगीतून तो बचावला असं वृत्तांत म्हणतो. गावचा मलिक, म्हणजे मुलकी अधिकारी, त्यांना सोडून द्यायच्या मताचा होता. त्याने त्यांना खाडीपलीकडे पाठवलंसुद्धा. काझीने त्याचं मन फिरवलं आणि रात्री माणसं पाठवून तिघांची डोकी उडवली. घरी राहिलेल्या पीटरला नंतर मारलं. पुढे दिल्लीच्या सुलतानाने त्या मलिकालाच मृत्युदंड दिला, असं ओदोरिक सांगतो. जॉर्डानस नावाच्या डोमिनिकन (दुसऱ्या एका ख्रिस्ती संघातल्या) धर्मबंधूने अवशेष सोपाऱ्याला पुरले. ओदोरिकने ती हाडं उकरून थेट चीनमधल्या झायतून बंदरापर्यंत नेली.

पाटीपेन्सिल

एवढं माहीत नव्हतं. पण मग दोष शिकवणुकीचाच ना? एकाचा धर्म सांगतो गप्प बसू नको, दुसऱ्याचा सांगतो ऐकून घेऊ नको. दुसरं काही होणारच नव्हतं.

अक्षरवेल

होऊ शकत होतं, आणि म्हणूनच मला ही घटना इतकी लागते. दोन्हीकडे शिकवण एकच नव्हती.

फ्रान्सिस्कनांचीच गोष्ट घ्या. संत फ्रान्सिस १२१९ मध्ये क्रूसयुद्ध चालू असताना इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ तिथला सुलतान अल-कामिल याला जाऊन भेटला आणि सुखरूप परतला. १२२१ च्या त्याच्या नियमावलीत मुसलमानांमध्ये राहायला जाणाऱ्या बंधूंना दोन वाटा सांगितल्या आहेत. पहिली वाट अशी: भांडण नको, वाद नको, सगळ्यांपुढे नम्र राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं कबूल करा. दुसरी अशी: देवाची इच्छा दिसली तर उघड उपदेश करा. पहिल्या वाटेवरचं 'मी ख्रिस्ती आहे' हीसुद्धा साक्षच आहे. ठाणे बरोबर शंभर वर्षांनंतरचं. थॉमसची पहिली दोन उत्तरं पहिल्या वाटेवरची आहेत असं मला वाटतं, तिसरं दुसऱ्या वाटेवरचं.

मुसलमानांकडेही तसंच. पैगंबरांचा अपमान करणाऱ्या बिगरमुसलमान प्रजाजनाला काय शिक्षा द्यायची यावर फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, मालिकी, हनफी वगैरे परंपरांत मतभेद होते. मालिकी मत देहदंडाचं. जुन्या हनफी मताप्रमाणे तेवढ्यावर त्याला मारायचं नाही. तो इस्लाम मानत नाही हेच मोठं, ते सहन केलं आहे तर हेही त्यातच आलं, असा त्यांचा युक्तिवाद. ठाण्यात एकाच राज्याचे दोन अधिकारी, मलिक आणि काझी, आधी दोन दिशांना गेले, हे विसरू नका.

'साक्ष' कशाला म्हणायचं यावर ख्रिस्ती लोकांत केवढं भांडण होऊ शकतं हे पाहायचं तर स्पेनमधलं, तेव्हा मुसलमान अमीराच्या राज्यातलं, कोर्दोबा बघा. ८५० ते ८५९ या काळात तिथे ४८ ख्रिस्ती मारले गेले. त्यातले बरेच स्वतःहून काझीकडे जाऊन पैगंबरांविरुद्ध बोलले होते. युलोजियस नावाच्या पाद्रीने त्यांना मार्टर ठरवायला ग्रंथ लिहिले, आणि ८५९ मध्ये तोही मारला गेला. पण त्याच शहरातले कितीतरी ख्रिस्ती म्हणत होते की हे मार्टर नव्हेत. यांना कुणी धर्म सोडायला सांगितलं नव्हतं, आणि मारणारे मूर्तिपूजक रोमन नव्हेत, एका देवाला मानणारे आहेत. ८५२ मध्ये अमीराने बिशपांची परिषद बोलावली, तिने असं मरण ओढवून घ्यायला पुढच्यांना मनाई केली. म्हणजे वाद सरळ आपल्या शब्दाचाच होता. न विचारता दिलेली साक्ष ही साक्ष का?

या निकषावर ठाण्याचे चौघे कोर्दोबावाल्यांपेक्षा वेगळे ठरतात. त्यांना विचारलं होतं. तीनदा.

दर्यावर्दी

मी मुसलमान, रत्नागिरीकडचा. शहीद या शब्दाबद्दल घरातलं एक सांगतो. माझे चुलत आजोबा मचव्यावरून समुद्रात पडून गेले. आजी त्यांना कायम शहीद म्हणायची. मला लहानपणी कळायचं नाही, लढाई तर कुठली झालीच नव्हती. पुढे मौलवीसाहेबांनी सांगितलं की हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, बुडून मेलेला, प्लेगने गेलेला, पोटाच्या दुखण्याने गेलेला, भिंतीखाली सापडलेला हे सगळे शहीद मोजले आहेत. बाळंतपणात गेलेली बाईसुद्धा. हल्ली शहीद म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. आमच्या घरात या शब्दाने समुद्र दिसतो.

आणि 'शहादत' म्हणजे आम्हाला आधी कलमा, अल्लाह एकच आणि मुहंमद त्याचे पैगंबर ही ग्वाही. माणूस जायला लागला की कानाशी म्हणतात. आजीला शेवटी बोलता येत नव्हतं, तिने उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. त्या बोटाला आम्ही शहादतचं बोट म्हणतो. तीही साक्षच. समोर काझी नाही, कुणी विचारत नाही.

अक्षरवेल

दर्यावर्दी, तुमच्या आजीच्या बोटाने माझं वरचं म्हणणं दुरुस्त केलंय. साक्षीला प्रश्न विचारणारा लागतोच असं मी धरून चालले होते.

याला लागून आणखी एक शब्दजोडी, ठाण्यातल्या वादाचा पहिला भाग तिच्यात मावतो. दमास्कसचा योहान हा आठव्या शतकातला ख्रिस्ती पंडित, आधी उमय्या खलिफांच्या कारभारात, नंतर जेरुसलेमजवळच्या मठात संन्यासी. तो लिहितो की मुसलमान आम्हाला 'जोडणारे' म्हणतात, कारण आम्ही देवाला ख्रिस्ताची जोड देतो. हा अरबी 'शिर्क'चा, म्हणजे देवाला भागीदार जोडण्याचा, आरोप. त्यावर त्याचं उत्तर, मग आम्ही तुम्हाला 'तोडणारे' म्हणतो, कारण ख्रिस्त देवाचा शब्द आणि आत्मा असं तुम्हीच मानता आणि तो देवापासून कापून टाकता. जोडणारे आणि तोडणारे. ग्रीकमधलं भांडण मराठीत यमकासकट उतरतं. पण पाहा, भांडण्यासाठीसुद्धा एकाला दुसऱ्याचं शास्त्र बारकाईने माहीत असावं लागत होतं.

ठाणेकरीणताई, माझं मत: लेखात रक्तसाक्षी वापरा. वसईत तो जिवंत शब्द आहे, ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत फोड द्या. फक्त त्याआधी, बाईच्या फिर्यादीच्या जागी, साधा 'साक्षीदार' न विसरता लिहा.

ठाणेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. परिच्छेद आता असा केला आहे:

"त्या बाईने काझीला सांगितलं, माझे चार साक्षीदार आहेत. काझीने त्यांना बोलावलं, पण तिच्याबद्दल काही विचारलं नाही. ठाण्याचे हे चार रक्तसाक्षी घराबाहेर पडले ते एका बाईला मारहाण झाली एवढं सांगण्यासाठी."

अरे हो, शेवटच्या वाक्यात दुरुस्ती लागेल. पीटर घरीच थांबला होता. 'तिघे घराबाहेर पडले' असं करते.