नवाहो उच्चार: 'हाड' म्हणायला जाते आणि 'लाकूड' होतं, मदत हवी आहे

नमस्कार. मी न्यू मेक्सिकोत फार्मिंग्टनला फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच आजी-आजोबांची पहिली भाषा नवाहो, म्हणजे इथल्या मूळ अमेरिकन लोकांची भाषा. निदान दुखण्यापुरते शब्द त्यांच्या भाषेत नीट बोलता यावेत, अशी मनापासून इच्छा आहे.

मराठीचा खूप आधार झाला. रोमन लिपीत 'डी', 'बी' लिहिलेलं असलं तरी उच्चार आपल्या त, पच्या जवळचा. मेंढीला लिहितात 'दिबे', कानावर पडतं 'तिपे'. 'टी' मात्र हकारासकट आणि घशातून खरखरत येतो, म्हणून पाणी म्हणजे 'त्खो'. डोंगराच्या शब्दाची सुरुवात 'चमचा'मधल्या च ने, 'चिमणी'तल्या नाही!

अडलंय ते खटकन फुटणाऱ्या व्यंजनांपाशी. लिहिताना त्यांच्यापुढे वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखी खूण करतात. 'त्सिन' म्हणजे लाकूड, काठी. त्स वर ती खूण आली की हाड. परवा एका आजींच्या खुब्याजवळ बोट ठेवून मी "हाड?" असं विचारलं, तर त्या शेजारच्या काठीकडे बघायला लागल्या. मग त्यांनीच चार वेळा म्हणून दाखवलं. त्यांचा आवाज टिचकीसारखा कोरडा, माझ्या तोंडून हवा सुटतेच.

शेळीचा शब्द तर फारच अवघड. ल साठी जीभ लावून दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची, तो ल मला जमतो. पण इथे त, तो ल आणि खटका, तिन्ही एकदम हवेत. घसा न ताणता सराव कसा करू?

प्रतिसाद:
ताई, सुरुवात त्स पासून नको, क पासून करा. जड बादली उचलताना घसा आतून बंद होतो ना, तो अटकाव ओळखा. आता सगळा श्वास सोडून द्या आणि नवा न घेता क म्हणा. छातीत हवा नसतानाही खट्‌ असा आवाज आला की जमलं. इथे फुफ्फुसातली हवा लागतच नाही. बंद स्वरयंत्र वर सरकतं आणि तोंडात कोंडलेली हवा दाबतं. गळ्यावर बोट ठेवलंत तर ते सरकणं कळेल. नवाहोत 'आता' या अर्थाचा शब्द याच क ने सुरू होतो. मग त: तुम्ही रोज 'याआतएह' म्हणून नमस्कार करत असाल, त्यातला त हाच. हे दोन बसले की त्स घ्या, शेळी सगळ्यात शेवटी. दिवसाला पाच मिनिटं पुरे, घसा दुखला तर लगेच थांबा.