बारावी आणि रील्स, काय करू?

देवगडची ताई: भाऊ यंदा बारावी सायन्सला आहे, क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲपवरच येतात म्हणून मोबाईल काढून घेता येत नाही, पण नोट्स बघायला घेतो आणि तासभर रील्सच बघत बसतो, रात्री जागरण वेगळंच. फार काळजी वाटते.

रत्नागिरीकर: त्याला ओरडू नका. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारा स्क्रोल बनवला, त्यात थांबायची जागाच नसते, मोठ्यांना जमत नाही तिथे पोरांचं काय! नोट्सची झेरॉक्स काढून द्या.

मालवणी माणूस: आणि फोन रात्री आईच्या खोलीत चार्जिंगला. झोप नाय तर वाचलेला डोक्यात रवत नाय.

वेंगुर्ला: सरसकट बंद नको हां, आमच्या वाडीतून क्लास लांब, पोरं फिजिक्स यूट्यूबवरच शिकली. फक्त इन्स्टा परीक्षेपर्यंत काढायला सांगा, तेही त्याच्याशी बोलून.