चर्चच्या मंडळीच्या शंभरीआधी जुन्या नोंदवह्यांचं काय करावं?

जुनी_पानं:
मंडळीची शंभरी जवळ आली आहे. कपाटात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या, कमिटीची इतिवृत्तं आणि नावं नसलेले ढीगभर फोटो आहेत. दोन वह्यांची पानं अक्षरांच्या रेषेवरच तुटतात. काही जण लॅमिनेशन सुचवतात. वर्धापनदिनी सगळं मांडायचंही आहे. सुरुवात कुठून करावी?

दप्तरी:
लॅमिनेशन कृपा करून नको. तापवून चिकटवलेलं प्लास्टिक कागदाला इजा न करता सुटत नाही, आणि कागदातलं आम्ल आतच राहून तो कुजत जातो. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद मुरून तपकिरी डाग पडतो. अक्षरांवरच पान तुटतं म्हणजे ती बहुधा लोह आणि माजूफळाची शाई. ती कागद खाते, ओल लागली की आणखी वेगाने. त्या दोन वह्यांची नक्कल सर्वांत आधी काढा, पण स्कॅनरच्या काचेवर दाबून नाही. दोन्ही पुठ्ठ्यांखाली आधार देऊन वही ९० ते १०० अंशच उघडा आणि वरून कॅमेऱ्याने टिपा. सुट्या कागदांना ४०० डीपीआय (दर इंचातले बिंदू) पुरे, लहान फोटोंना ६००. मूळ फाइल टिफ प्रकारात ठेवा, इतरांना द्यायला जेपेग. तीन प्रती ठेवा, एक दुसऱ्या इमारतीत.

वह्या आम्लमुक्त खोक्यात आडव्या ठेवा. गंजलेल्या टाचण्या काढा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते.

कोनशिला:
शंभर वर्षं कशापासून मोजली, ते आधी पक्कं करा. कोनशिलेवरचं साल इमारतीचं असतं; मंडळी त्याआधी घराघरांत जमत असू शकते. पहिली उपासना, पहिला बाप्तिस्मा आणि इमारतीचं समर्पण, या तीन तारखा वेगळ्या निघू शकतात. वहीतल्या पहिल्या काही वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या दिसल्या तर त्या आधीच्या वहीतून उतरवलेल्या असण्याची शक्यता मोठी, आणि उतरवताना तारखा चुकतात. पुस्तिकेत तारखेसोबत ती कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर आहे हे छापा.

जुनी_पानं:
आभारी आहे. फोटोंतली माणसं कशी ओळखायची?

दप्तरी:
मोठ्या छापील प्रतीवर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक चेहऱ्याची बाह्यरेषा काढा, आत क्रमांक घाला. मग वयस्कर सभासदांना एकेकटं बसवून विचारा. घोळक्यात पहिलं ठाम नाव सगळेच उचलतात. नावापुढे सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. मूळ फोटोमागे बॉलपेन नको, उठाव समोर येतो. मऊ पेन्सिलीने कडेला फक्त क्रमांक.

प्रदर्शनात प्रतीच लावा, प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. आणि नोंदवहीचं पान मांडण्याआधी ते पूर्ण वाचा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत दत्तक किंवा जन्माबद्दलचा शेरा असू शकतो, आणि त्या घरातली माणसं त्या दिवशी समोरच उभी असतील.