घरातल्या दोन्ही भाषा मोजा

वरती एका ताईंनी लिहिलंय की ऐकू कमी येणाऱ्या मुलाला कानाचं मशीन बसवलं म्हणजे ते आज ना उद्या बोलेलच, सारखं तपासत बसून टेन्शन कशाला. टेन्शन नको हे पटतं, पण तपासणं सोडू नका, निदान 3 वर्षांचं होईपर्यंत दर 6 महिन्यांनी भाषेची रीतसर तपासणी व्हायलाच हवी. मशीननं आवाज पोचतो, भाषा आपोआप येत नाही.

आणि एक गोष्ट इथं कुणी बोललंच नाही. आपल्या सोलापुरात पूर्व भागात कितीतरी घरी तेलुगू बोलतात आणि बोलायला शिकवायची थेरपी चालते मराठीत. आमच्या शेजारच्या पोराचं तेच, थेरपीच्या शब्दांच्या तक्त्यावर मराठी शब्द अगदी मोजके, पण घरी आज्जी पाठीमागून नुसतं 'रा' (तेलुगूत 'ये') म्हणाली की गडी खेळणं टाकून पळत येतो, आणि हे कुठं लिहिलंच जात नव्हतं. दोन्ही भाषांतले शब्द मोजा, खुणा करत असेल तर त्याही मोजा, आणि बोलतो किती याच्या आधी समजतं काय ते तारीख घालून वहीत लिहा. रोज सकाळी मशीन घातल्यावर तोंड झाकून आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज काढून बघा, कालपर्यंत ऐकू येणारा एखादा आज येत नसेल तर आधी मशीनचा सेल आणि मोल्ड (कानात बसणारा साचा) तपासा. घरातच कापड विणायचा माग असेल तर तो चालू असताना मूल लक्ष देत नाही म्हणून वैतागू नका हो, मशीन बोलण्यासोबत ती खटखटही मोठी करतं, माग बंद असेल तेव्हा जवळ बसून बोला.