मदत हवी आहे: फ्लेक्स-पत्रिकांच्या कामासाठी प्रोसेसर कोणता घ्यावा? बजेट ४०,०००

नमस्कार मंडळी. सेलूला (जि. परभणी) माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळांच्या प्रश्नपत्रिका, शिवाय पीक विम्याचे नाहीतर भरतीचे फॉर्म निघाले की ते भरून देणं, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप सकाळपासून रात्रीपर्यंत उघडेच असतात, मागे ब्राउझरच्या दहा-बारा टॅब.

दोन वर्षांपूर्वी "आय७ आहे ताई, बघायचं काम नाही" असं ऐकून एका दुकानातून वापरलेला सेट १७,००० ला घेतला. आय७ म्हणजे भारी, एवढंच मला माहीत होतं. आता कळालं की तो आय७-२६०० आहे, म्हणजे २०११ सालचा. दुकानदाराने साल सांगितलं नव्हतं.

परवा वाढदिवसाचा १० बाय २० चा फ्लेक्स आला. तेहतीस जणांचे फोटो कापून बसवले, सेव्हला टाकलं आणि निळं चक्र फिरायला लागलं. पोरं काउंटरला टेकून उभी. अकरा मिनिटांनी स्क्रीन पांढरी झाली आणि प्रोग्रामच बंद पडला. त्यांना रात्रीतून फ्लेक्स लावायचा होता, ती दुसऱ्या दुकानात गेली. नेहमीचं गिऱ्हाईक असं उठून गेलं की जिवाला लागतं हो. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, त्याच्या आत नवा घ्यायचाच आहे.

परभणीत तिघांना विचारलं, तिघांनी तीन सांगितले. एक म्हणतो इंटेलचा आय५-१२४००एफ घ्या, त्यात जुनं २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाकून देतो. दुसरा म्हणतो एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी. तिसरा म्हणायलाय, थोडं कर्ज काढा पण आय७-१४७०० च घ्या, एकदाच काय ते होऊन जाईल. मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस आहेत. घरात गेम कोणी खेळत नाही. आमंत्रणाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ लोक मागायलेत, तेही शिकायचं आहे. कृपया कामाचं सांगा, कर्ज काढायची तयारी नाही.

प्रतिसाद (नांदेडहून)

ताई, आधी एक करा. तसाच मोठा फ्लेक्स उघडा, सेव्हला टाका आणि त्या वेळी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क यांचे आकडे बघून इथे लिहा. ते बघितल्याशिवाय प्रोसेसरचं नाव काढू नका.

मी असं का म्हणतो ते सांगतो. १० बाय २० फूट म्हणजे १२० बाय २४० इंच. रिझोल्युशन, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल (ठिपके), ते १०० ठेवलं तर १२,००० गुणिले २४,०००, म्हणजे २८ कोटी ८० लाख पिक्सेल. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. एक पूर्ण भरलेला लेअर (चित्राचा एक थर) झाला एक जीबीहून मोठा! असे पाच-सहा लेअर आणि वर मागे टॅब. एवढा फ्लेक्स लोक रस्त्यावरून बघतात, ७२ वर केला तरी चालतो, आणि फाइलचं ओझं निम्म्यावर येतं. आधी प्रिंटिंगवाल्याला विचारून घ्या.

मूळ धागाकर्ती

बघितलं. सीपीयू २६ टक्के, मेमरी ९७, डिस्क १००. रॅम ८ जीबी आहे, हार्ड डिस्क जुनी चकतीवाली.

प्रतिसाद (नांदेडहून)

मग झालं की. तुमचा प्रोसेसर रिकामा बसलाय आणि रॅम भरून वाहतेय. रॅम संपली की फोटोशॉप उरलेलं काम हार्ड डिस्कवर ढकलतं, आणि चकतीवाल्या डिस्कला तो वेग झेपत नाही. अकरा मिनिटं तिथे गेली.

तरी जुन्या सेटमध्ये रॅम वाढवू नका. त्याला डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम लागते, ती नव्या मदरबोर्डवर बसणार नाही, पैसे बुडीत. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा दुसऱ्या पिढीचा आहे. तुमच्याकडे लोकांचे आधार क्रमांक, बँकेचे पासबुक येतात. अशा कामाला अपडेट बंद झालेला कॉम्प्युटर वापरू नये, हे मी मनापासून सांगतो. एसएसडी (चकती नसलेली वेगवान डिस्क) मात्र आजच घ्या, साटा केबलवर चालणारी. ती जुन्यात लावा, नंतर काढून नव्यात बसते.

प्रतिसाद (लातूरहून)

प्रोसेसरचं मी सांगते, आमच्या स्टुडिओत हेच काम चालतं.

आय३, आय५, आय७ हे एकाच पिढीतले लहान-मोठे भाऊ. पिढी बदलली की ती तुलना संपली. शेवटचे तीन आकडे झाका, राहिली ती पिढी: २६०० ची दुसरी, १२४०० ची बारावी. मधे अकरा वर्षं गेलीत. तुमच्या आय७ मध्ये ४ कोअर (काम करणारे भाग) आहेत, आय५-१२४०० मध्ये ६, आणि त्यातला एकेक कोअर कितीतरी वेगवान. कोरल ड्रॉचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, म्हणून तोच वेग हाताला जाणवतो.

आता ते शेवटचं अक्षर. १२४००एफ मधला 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. ते जुनं कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी, दुकान बंद. बिगर-एफ घेतला तर कार्डच लागत नाही, आणि व्हिडिओ एक्स्पोर्टला, म्हणजे तयार फाइल पटकन काढायला, इंटेलचं क्विक सिंक मिळतं, तेही त्या आतल्या ग्राफिक्सवरच चालतं. एफ स्वस्त असतो म्हणून गळ्यात मारतात.

५६००जी वाईट नाही. ६ कोअर, आतलं ग्राफिक्स इंटेलपेक्षा सरस. पण तो सरसपणा गेमला कामी येतो, तुम्हाला नाही. १२४०० मिळत नसेल किंवा फार महाग पडत असेल तर बिनधास्त घ्या. बजेट फारच ताणलं तर आय३-१२१०० घ्या, पण रॅम कापू नका.

१४७०० सोडा. पूर्ण जोरात तो २१९ वॅटपर्यंत खातो, १२४०० ११७ पर्यंत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या दुकानात विचारूच नका. गरम झाला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, मग जास्तीचे पैसे कशाला? शिवाय १३ व्या-१४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा दोष असल्याचं इंटेलने २०२४ साली मान्य केलं. बायोसचा (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामचा) अपडेट दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बारावी पिढी त्यात नाही.

मदरबोर्ड एच६१० घ्या, डीडीआर४ रॅमचा. त्यावर रॅमचे दोनच खाचे असतात, म्हणून ८-८ च्या दोन पट्ट्या नका घेऊ. १६ ची एकच घ्या आणि लग्नसराईच्या पैशातून दुसरी १६ टाका. कॅबिनेट काउंटरच्या खाली कोंबू नका, तिथे धूळ बसते, वारा लागत नाही. यूपीएसची बॅटरी किती जुनी आहे? सेव्ह होताना लाईट गेली तर फाइल जाते.

मूळ धागाकर्ती

तुम्हा दोघांचे खूप आभार. एसएसडी काल बसवली. तोच वाढदिवसाचा फ्लेक्स ७२ वर करून सेव्ह केला, पावणेदोन मिनिटं लागली. बॅटरी तीन वर्षांची आहे, बदलते. शनिवारी परभणीला जाऊन १२४०० आणणार आहे. डब्यावर एफ नाही ना, ते तिथेच उभं राहून बघेन आणि बिलावर पूर्ण नंबर लिहून घेईन.